देवळाली: वाट बघून डोकं फिरवणारं स्टेशन

भंडारा रोडला विदर्भ एक्सप्रेस पकडली की मुंबई येईपर्यंत कितीतरी स्टेशनं झोपेतच निघून जातात. नाशिक रोडनंतरचं देवळाली त्यातलंच एक. पण या स्टेशनाचं नाव थेट इंग्रजी डिक्शनरीत जाऊन बसलंय, तेही ‘डोकं फिरलेला’ या अर्थानं. शब्द आहे ‘डूलाली’. मुंबई-पुण्यात या नावाची बिअरची पाटी पाहिली असेल तुम्ही.

तर झालं असं. 1861 च्या सुमारास इंग्रजांनी देवळालीला लष्करी छावणी वसवली. जागा हिशेबानं निवडलेली. घाटमाथ्यावरची मोकळी हवा, आणि रेल्वेनं मुंबई जेमतेम 180 किलोमीटर. मधला थळ घाट, म्हणजे आपण ज्याला कसारा घाट म्हणतो तो, 1865 ला रेल्वेनं जोडला गेला. तिथं 37 फुटांमागं 1 फूट चढ आहे. आजही चढताना गाडीला जादा इंजिनं लावावी लागतात. घाट झाल्यावर काम सोपं झालं: देशभरातले सोल्जर गाडीनं देवळालीत आणायचे, जहाज लागलं की खाली बंदरात पाठवायचे.

आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत हा बफर. पण गोची अशी की गाड्या वर्षभर चालायच्या, आणि सैनिकांची जहाजं मात्र साधारण हिवाळ्यातच सुटायची. मार्चनंतर ज्याची नोकरी संपली, तो अडकला. पुढचं जहाज थेट पावसाळा उलटल्यावर! आत येणारी रांग चालू, बाहेरचं दार बंद.

नोकरी संपलेल्या माणसाला काम तरी काय देणार? कवायत नाही, मोहीम नाही. वर उन्हाळा, मलेरिया, हाताशी दारू. वर्षानुवर्षं परदेशात काढलेली ही माणसं घरी जायच्या उंबरठ्यावर येऊन बिघडायची. कुणी मारामाऱ्या करायचं, कुणी तुरुंगात जायचं, कुणी स्वतःशीच बडबडत बसायचं. बाकीचे म्हणायचे, याला ‘डूलाली टॅप’ झाला. यातला टॅप म्हणजे नळ नव्हे हं, आपला ‘ताप’!

मला खटकतं ते हे, की बिघडलं होतं जहाजांचं वेळापत्रक, आणि नाव खराब झालं गावाचं. पुढं तर बीबीसीनं 1974 पासून देवळालीच्या छावणीवर विनोदी मालिकाही चालवली.

छावणी अजून आहे. तोफखान्याचं स्कूल ऑफ आर्टिलरी इथंच आहे. आणि 7 ऑगस्ट 2020 ला देशातली पहिली किसान रेल सुटली ती याच स्टेशनातून, बिहारमधल्या दानापूरला. डब्यांत भाजीपाला आणि फळं होती, म्हणजे सहा महिने सोडा, दोन दिवससुद्धा वाट बघायला लावता येणार नाही असा माल.