भाऊसाहेब बांदोडकर आणि कुळाचे राज्य

सत्ता मिळवायची ती कशासाठी? या प्रश्नाचे एक उत्तर शेजारच्या गोव्याने 1963 मध्ये दिले. आपल्या कार्यकर्त्यांनी ते नीट तपासले पाहिजे.

19 डिसेंबर 1961 रोजी पोर्तुगीज गेले, पण भाटकार तिथेच राहिला. शेत त्याचे, माड त्याचे, कज्जा लढवायला वकीलही त्याचाच. बहुजन माणूस एक तर कूळ, नाही तर मुंडकार. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीत झोपडे बांधून राहणारा. मालकाची मर्जी फिरली की डोक्यावरचे छप्परही जायचे.

अशा समाजाला प्रौढ मताधिकार मिळाला. डिसेंबर 1963 च्या पहिल्या निवडणुकीत गोवा, दमण व दीवच्या 30 जागांपैकी 14 जागा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने जिंकल्या. केंद्रात सत्ता असलेल्या काँग्रेसला खुद्द गोव्यात एकही जागा मिळाली नाही. दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर स्वतः उमेदवार नसताना मुख्यमंत्री झाले आणि नंतर पोटनिवडणुकीत निवडून आले. ज्या समाजाला कलावंत म्हणून देवळाच्या सेवेला जखडले होते, त्या गोमंतक मराठा समाजातला हा माणूस. उच्चवर्णीयांची मक्तेदारी मतपेटीने मोडली.

पुढे काय केले, ते महत्त्वाचे. 1964 मध्ये कूळ कायदा आला. कुळाला संरक्षण मिळाले आणि खंडावर उत्पन्नाच्या एक षष्ठांशाची मर्यादा आली. खेडोपाडी सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. ज्यांच्या बापाने अंगठा उठवला, त्यांची मुले पाटी घेऊन बसू लागली.

पक्षाची मूळ मागणी मात्र महाराष्ट्रात विलीनीकरणाची होती. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात ती हरली. विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170, तर विरोधात 1,72,191 मते पडली. पण त्याच वर्षी मार्चमध्ये त्याच जनतेने बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवले. याचा अर्थ काय? नकाशाचा प्रश्न वेगळा आणि भाकरीचा वेगळा, हे अडाणी म्हणून हिणवलेल्या मतदाराला बरोबर कळत होते.

आता दुसरी बाजू. बांदोडकर स्वतः खाणमालक होते. त्यांचा कायदा शेतमालकाला वेसण घालत होता, पण खाणीतल्या मजुराला त्यातून जमीन मिळणार नव्हती. कूळही नसलेल्या भूमिहीनाची पाटी तर कोरीच राहिली. त्याच 1964 साली आमच्या नाशिक जिल्ह्याचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड भूमिहीनांसाठी देशव्यापी सत्याग्रह उभारत होते आणि लोक लाखोंनी तुरुंगात जात होते. तिथे सत्ता होती, पण भूमिहीन कायद्याबाहेर राहिला. इथे भूमिहीन रस्त्यावर होता, पण सत्ता हाती नव्हती. दोन्ही एकत्र आले असते तर?

12 ऑगस्ट 1973 रोजी बांदोडकर गेले. कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. मुंडकारांना हुसकावण्यापासून संरक्षण देणारा 1975 चा कायदा आणि कसणाऱ्याला मालक करणारी 1976 ची कूळ कायद्यातील दुरुस्ती त्यांच्याच काळातली. पण 1979 मध्ये त्यांचे सरकार पडले आणि पक्षाला ओहोटी लागली. 2022 मध्ये 40 पैकी 2 जागा उरल्या. माणसाभोवती आणि घराण्याभोवती बांधलेला पक्ष माणसाबरोबरच खंगतो. मुंडकारांची प्रकरणे तर आजही मामलेदाराच्या कचेरीत पडून आहेत.

वकिली करताना एक गोष्ट रोज दिसते. कायदा पुस्तकात असून भागत नाही. फेरफाराची नोंद होऊन सातबाऱ्यावर नाव लागले, तरच तो गरिबाचा. त्यासाठी विधानसभेत आपला आमदार हवा आणि गावात कागद वाचणारा कार्यकर्ताही हवा. अंबडच्या कारखान्यात राबणाऱ्या आपल्या तरुणाने गोव्याकडून एवढे शिकावे: मत मागायला येणाऱ्याला त्याची जात आणि झेंडा विचारण्याआधी विचारा, निवडून आल्यावर पहिला कायदा कोणाच्या बाजूने करणार?