गोष्ट सांगतंय कोण?

बारावीच्या वर्गावर 'कथेचे घटक' शिकवायला घेतले की फळ्यावर हात आपोआप चालतो. कथानक, पात्रं, वातावरण, संघर्ष, संवाद, भाषाशैली. मुलं वहीत उतरवून घेतात, पाठ करतात, पेपरात लिहून मार्क मिळवतात. कितीतरी वर्षं मी असंच शिकवलं. आता मागे वळून बघताना एकच चुटपुट लागते. 'निवेदक' हा शब्द मी त्या फळ्यावर फार उशिरा लिहायला लागलो.

बाबा पद्मनजींचं 'यमुनापर्यटन' 1857 चं. विधवांचे हाल त्यात पोटतिडकीनं मांडले आहेत, पण आपल्याशी बोलतात ते पद्मनजीच. पुढे 1890 मध्ये हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' सुरू केलं आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः येऊ लागली. दुःख तेच, वैधव्याचं. फरक इतकाच की या वेळी नायिका यमू स्वतः बोलायला लागली. पंचविशीतला एक पुरुष लेखक बाजूला सरला आणि एका बाईच्या तोंडी 'मी' आला. ही कादंबरी वाचून घेताना मी मुलांना मुंबईच्या बिऱ्हाडाशी थांबवतो. नवऱ्याच्या सहवासात यमू सुखात आहे, लिहिण्यावाचण्याची गोडी लागली आहे. पण सांगणारी यमू विधवा झालेली आहे, पुढचं सगळं तिला ठाऊक आहे. म्हणून त्या सुखाच्या पानांवरही सावली पडते. घटना बदललेली नाही, प्रसंग साधेच आहेत. सांगणारी कुठे उभी आहे, एवढ्यानंच पोटात कालवतं.

मग ना. सी. फडके आले. 1931 च्या 'प्रतिभासाधन'पासून तंत्राला मान मिळाला. आकर्षक सुरुवात, गुंतागुंत, उत्कर्षबिंदू, शेवट. पुढे या चौकटीला पुष्कळ नावं ठेवली गेली, तरी गोष्टीची हाडं कशी मोजायची हे विद्यार्थ्याला फडक्यांनी शिकवलं, हे मी कृतज्ञतेनं म्हणतो.

1945 नंतरच्या नवकथेत गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांनी ती चौकट ढिली केली. माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' या कादंबरीचं (1955) कथानक सांगा म्हटलं तर मुलं अडखळतात. मास्तर वाडीत येतो, शाळा भरवतो, तालीम उभी राहते, दुष्काळ पडतो, माणसं मेंढरं घेऊन निघून जातात. नायक म्हणावा तर ती वाडीच. इथे वातावरण हा पडदा नाही, तोच जीव आहे.

आणि 1963. एकाच वर्षात 'कोसला' ही कादंबरी आणि बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती!' हा कथासंग्रह. 'कोसला'त खानदेशातून पुण्याला शिकायला गेलेला पांडुरंग सांगवीकर स्वतःच्याच भाषेत बोलतो. बागुलांच्या शीर्षककथेत नोकरीच्या गावी खोली मिळावी म्हणून जात लपवणारा तरुण स्वतः सांगतो. तीच हकिगत एखाद्या कनवाळू त्रयस्थानं सांगितली असती तर वाचक हळहळला असता. इथे दार कधी ठोठावलं जाईल म्हणून त्याच्याबरोबर आपणही श्वास रोखून बसतो.

हे उमगल्यावर मी वर्गात एक गोष्ट सुरू केली. बनगरवाडीतला कुठलाही प्रसंग घ्या आणि सांगणारा बदला, एवढंच. बहुतेक मुलं वाडीचा कारभारी निवडतात. एका वर्षी शेवटच्या बाकावरच्या मुलीनं कारभाऱ्याची लेक अंजी निवडली. एरवी ती एका ओळीत उत्तरं लिहायची. त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली, वर्ग रिकामा झाला, तरी ती लिहीतच होती. वही द्यायला आली तेव्हा म्हणाली, "सर, कादंबरीत मास्तर अंजीकडे बघतो. अंजीला मास्तर कसा दिसला असेल, ते कुणी विचारलंच नाही. म्हणून मी तिला बोलू दिलं."

वही अडीच पानांची होती. त्यात मास्तर दोनदाच आला होता.