कागद आणि नागरिक (भाग ७): बाळ परदेशात जन्मले, नोंद कुठे?

गेल्या आठवड्यात जन्मदाखल्यातील नावाची दुरुस्ती पाहिली. आज परदेशात जन्मलेल्या बाळाच्या नागरिकत्वाविषयी.

गांधीजींचे धाकटे चिरंजीव देवदास २२ मे १९०० रोजी डर्बनला जन्मले. डॉक्टर लगेच मिळेना, सुईण आणण्यात वेळ गेला, म्हणून बाळंतपण गांधीजींनी स्वतःच केले. १९५० साली राज्यघटना लागू झाली तेव्हा कलम ५ प्रमाणे भारतात कायमचे वास्तव्य आणि आई किंवा वडिलांचा जन्म भारतातला, एवढ्यावर अशा माणसाचे नागरिकत्व सिद्ध होई.

आज हिंगणघाट-आर्वीकडची मुले नोकरीसाठी दुबईला, अमेरिकेला जातात आणि तिकडेच पाळणा हलतो. ‘आईबाप भारतीय, म्हणजे लेकरूही भारतीयच’ असे आजी-आजोबा धरून चालतात. कायदा तेवढ्यावर थांबत नाही. नागरिकत्व अधिनियम १९५५ च्या कलम ४ नुसार, ३ डिसेंबर २००४ पासून परदेशात जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील भारतीय नागरिक असले, तरी जन्माची नोंद तिथल्या भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत व्हावी लागते. वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी लागते. शिवाय बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे आईबापांना लिहून द्यावे लागते.

खरी मेख इथेच आहे. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला तिथले नागरिकत्व जन्मतःच मिळते. बाळ लवकर गावी न्यायचे म्हणून अमेरिकी पासपोर्ट काढला, की वरचे निवेदन देता येत नाही. मग उरते ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड. त्यावर येणे-जाणे, राहणे सोपे होते. पण मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र ती मिळू शकते.

‘इकडे आल्यावर नगरपरिषदेत नोंदवू’ हाही अर्धाच उपाय. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम २० प्रमाणे, वकिलातीत नोंद झाली नसेल आणि कुटुंब कायमचे राहायला परतले असेल, तर बाळ भारतात आल्यापासून ६० दिवसांत इथे नोंद करता येते. त्यातून जन्मदाखला मिळतो; कलम ४ ची अट त्याने पुरी होत नाही.

वकिलातीत तिथला जन्मदाखला, दोघांचे पासपोर्ट आणि विवाहाचा दाखला तयार ठेवावा. घोळ बहुधा नावात होतो: आईच्या पासपोर्टवर माहेरचे आडनाव, बाळाच्या दाखल्यावर सासरचे. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत राहून गेली असेल, तर ती बाळंतपणाआधीच उरकावी. या कामात वर्ध्यातल्या घरच्यांची मदत होऊ शकते.

तेव्हा मुलगा-सून किंवा लेक-जावई परदेशी असतील, तर बारशाच्या फोनवरच विचारा: वकिलातीत नोंद केली का? पहिल्या वाढदिवसाच्या आत ती झालीच पाहिजे.