जोसेफ कुणाचा?

लुइझियानातल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर सहा महिने एकच माणूस पसरलेला होता: जोसेफ लब्लां, माझ्या सासूबाईंच्या माहेरचा पूर्वज. अकेडियन, म्हणजे आजच्या कॅनडातल्या अकेडिया या फ्रेंच वसाहतीतले, लब्लां जवळजवळ सगळे दानिएल लब्लां आणि फ्रान्स्वाज गोदे या एका जोडप्याचे वंशज. भावकी दाट आणि नावं मोजकी, त्यामुळे एकाच गावात, एकाच पिढीत चार-चार जोसेफ निघतात. आपला कोणता?

सासूबाई म्हणाल्या, "त्याला शोधू नकोस, त्याच्या बायकोला शोध." चर्चच्या वह्यांत बाई लग्नानंतरही माहेरच्या आडनावानेच राहते. जोसेफच्या लग्नाच्या वेळी लुइझियानात स्पेनची सत्ता. नोंदीत जोसेफचा 'होसे' झालेला. पण विवाहनोंदीत दोन्हीकडचे आईबाप होते, आया माहेरच्या आडनावासकट. त्यांतलं जोसेफच्या आईचं 'लांद्री' धरून मी मागे निघाले. जुलै १७६३मध्ये मेरिलँडमधल्या अकेडियनांच्या याद्या झाल्या होत्या. तिथे तीच आई सापडली. नवऱ्याचं नाव नव्हतं, पोरं होती.

त्याच्या मागे अकेडियातलं ग्रां-प्रे गाव. ५ सप्टेंबर १७५५ला तिथल्या चर्चमध्ये गावातल्या पुरुषांना बोलावून ब्रिटिशांच्या फौजेतल्या जॉन विन्स्लोने हुकूम वाचला: जमिनी, घरं, गुरं जप्त, तुम्ही हद्दपार. घर सोडताना त्या लोकांनी चर्चच्या वह्या बरोबर घेतल्या. त्या फिरत फिरत लुइझियानातल्या सेंट गॅब्रिएलला पोहोचल्या, आज बॅटन रूजच्या धर्मप्रांताच्या दप्तरात आहेत. जहाजात किती सामान मावलं असेल, आणि त्यात या वह्या! मला अजून गलबलून येतं.

वह्या १७०७ ते १७४८पर्यंतच्या. पुढच्या हरवल्या. आमचा जोसेफ १७५०च्या आसपासचा. त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद मिळणार नव्हती. आईबापांचं लग्न मात्र होतं, आणि त्या नोंदीत पाद्र्याने लिहिलं होतं की तिसऱ्या पायरीच्या नात्याला सूट दिली. जवळच्या रक्तात लग्न करायचं तर चर्चची अशी परवानगी लागे. तिसरी पायरी म्हणजे दोघांचे पणजोबा-पणजी एकच. मग नवरी लांद्री, तर तिच्या घरात लब्लांची लेक कोणत्या पिढीत आली? आम्ही कागदावर रेघा ओढत बसलो. तीन जोसेफ गळले. एक राहिला.

तिथून १६७१च्या शिरगणतीपर्यंतची वाट सोपी होती. अकेडियातल्या पोर-रोयालमध्ये पाद्री दारोदार हिंडून वयं, गुरं, मेंढ्या, जमीन लिहून घेत होता. एतिएन रोबिशोने त्याला भेटायलाही नकार दिला. पिएर मेलान्सों हा शिंपी काही सांगेना, आणि त्याच्या बायकोने विचारलं की असल्या गोष्टींसाठी गल्ल्या हिंडायला वेड लागलंय का. पाद्र्याने तेही लिहून ठेवलं, त्याचे उपकार. तिथेच दानिएल, वय ४५, आणि शेजारी फ्रान्स्वाज गोदे. साडेतीनशे वर्षं झाली तरी माहेरच्या नावाने उभी.

त्या रात्री मी लेकासाठी आमच्या बाजूची वंशावळ काढायला घेतली. वडिलांकडच्या कुलवृत्तांतात आजीचं सासरचं नाव, त्यापुढे 'पत्नी' एवढंच. सांगलीला आत्याला फोन लावला. आजीच्या माहेरचं आडनाव तिला लगेच आठवलं. पाळण्यातलं नाव आठवेना. ती म्हणाली, थांब, मिरजेला आईच्या मामेबहिणीची सून आहे, तिला विचारते.