रुग्ण उचलणारी यंत्रे : दुरुस्ती वेगळी, तपासणी वेगळी

व्हीलचेअर, लोखंडी खाटा, लेथ आणि वेल्डिंगची कामे करणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंना जमेल असे एक काम म्हणजे रुग्ण उचलणाऱ्या यंत्रांची देखभाल. अर्धांगवायू झालेल्या रुग्णाला खाटेवरून खुर्चीत हलविण्यासाठी हे यंत्र लागते. चाकांची बैठक, उभा खांब, आडवी भुजा आणि भुजेला टांगलेली कापडी झोळी, एवढाच त्याचा सांगाडा. भुजा हायड्रॉलिक पंपाने किंवा बॅटरीवरील मोटारीने वर जाते.

काम सोपे दिसते. परंतु येथे माल नव्हे, माणूस टांगलेला असतो. म्हणून दुरुस्ती व तपासणी ही दोन कामे निरनिराळी समजावीत. दुरुस्ती म्हणजे झिजलेला भाग बदलणे. तपासणी म्हणजे या यंत्रावर माणूस उचलावा की नाही, याचा निकाल देणे. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनुसार कामाच्या ठिकाणी माणसे उचलणारी यंत्रे व झोळ्या जाणकाराकडून साधारणतः दर ६ महिन्यांनी कसून तपासून घ्याव्या लागतात व त्याचा लेखी अहवाल ठेवावा लागतो. दोषामुळे गंभीर इजेचा धोका असेल, तर अहवालाची प्रत सरकारी यंत्रणेकडेही जाते.

तपासताना प्रथम वजनमर्यादेची पट्टी वाचता येते का, ते पाहावे. भुजेच्या सांध्यातील पिन व बोल्ट झिजले आहेत का, वेल्डिंगला तडा आहे का, पंपातून तेल गळते का, हे पाहावे. मर्यादेइतके वजन टांगून भुजा आपोआप खाली येत नाही ना, याची खात्री करावी. त्यासाठी वाळूच्या पिशव्या वापराव्यात, माणूस नव्हे. मोटारीच्या यंत्रात तातडीने थांबविण्याचे बटण व वीज नसताना भुजा खाली आणण्याची सोय चालवून पाहावी. झोळीची शिवण उसवली असेल, पट्टा विरला असेल, तर ती सरळ बाद करावी. मूळ कंपनीच्या बोल्टऐवजी बाजारातला साधा बोल्ट कधीही बसवू नये.

गिऱ्हाईक म्हणेल, "मिस्त्री, चालतंय ना? मग करून टाका सही." आमच्या मते कारागिराची खरी कसोटी येथेच आहे. यंत्र चालते याचा अर्थ ते सुरक्षित आहे, असा नव्हे. दुरुस्तीची मजुरी मिळावी म्हणून नापास यंत्र पास करू नये आणि तपासणीची मजुरी निकाल काहीही लागला तरी आधीच ठरवून घ्यावी. शक्य असल्यास शेजारच्या दोन कारखानदारांनी एकमेकांचे काम तपासावे. आपल्याच हाताची चूक आपल्या डोळ्यांना सहसा दिसत नाही.

प्रत्येक यंत्राला क्रमांक देऊन वहीत तारीख, दोष व निकाल लिहावा. अशी वही दाखवू शकणाऱ्या कारागिराकडे रुग्णालये व भाड्याने रुग्णसाहित्य देणारे व्यापारी विश्वासाने येतील.