निंबोळीचा लेप आणि नत्राच्या दोन पळवाटा

वसमत तालुक्यात पूर्णेच्या कालव्याखालील हळदीच्या मळ्यांतून श्रावणात हिंडले म्हणजे पुष्कळ ठिकाणी वरंब्यांवर युरियाचे दाणे उघडेच पडलेले दिसतात. विचारले असता उत्तर ठरलेले असते : "आता युरियावर निंबोळीचा लेप असतो, तो हळूहळू लागतो; झाकायची काय गरज?" ही समजूत अर्धीच खरी आहे. उरलेल्या अर्ध्या भागापायी शेतकरी बंधूंचे नत्र हवेत उडून जाते.

पिकास नत्र थोडेथोडे लागते आणि युरिया तर पाण्यात पाहता पाहता विरघळतो, ही अडचण जुनी आहे. तिच्यावर उपाय म्हणून अमेरिकेत 1955 च्या सुमारास फॉर्मल्डिहाइडशी संयोग केलेला युरिया बाजारात आला. पुढे 1961 पासून टेनेसी खोऱ्यातील सरकारी संशोधन केंद्राने दाण्यांवर गंधकाचे कवच चढविण्याचे प्रयोग केले. ही खते महाग पडली, त्यामुळे ती मुख्यतः हिरवळी व रोपवाटिका यांच्या उपयोगी राहिली. आपल्याकडील शास्त्रज्ञांनी स्वस्त वाट शोधली. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत 1970 च्या सुमारास युरियात निंबोळी पेंड मिसळून पाहिली गेली. 2004 साली निंबोळीयुक्त युरियास खत नियंत्रण आदेशात स्थान मिळाले आणि 2015 साली देशात तयार होणारा सर्व युरिया असाच असावा, असे बंधन आले. त्यामागे दुसराही एक हेतु होता : शेतीचा स्वस्त युरिया प्लायवुडच्या डिंकासाठी कारखान्यांकडे वळू नये. कोकणात डॉ. सावंत यांच्या चारसूत्री भात पद्धतीत युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये चिखलात खोल खोचतात. तेथे खत कोणत्या जागी पडते, यावरच सारी भिस्त आहे. हे आपण लक्षात ठेवावे.

आता लेपाविषयी. नियमाप्रमाणे युरियाच्या एका टनास किमान 350 ग्रॅम निंबोळी तेल असावे लागते. म्हणजे 45 किलोच्या गोणीत अवघे 16 ग्रॅमच्या आसपास! एवढे तेल दाण्यास पावसापासून राखणार नाही. पाणी लागताच दाणा विरघळतो. तेलाचे काम निराळे आहे. जमिनीत पडल्यावर थोड्याच दिवसांत युरियाचे अमोनियम होते. नंतर सूक्ष्म जंतू त्याचे नायट्रेट करतात. अमोनियमला काळ्या जमिनीचे चिकण कण धरून ठेवतात; नायट्रेट मात्र पाण्याबरोबर मुळांखाली निघून जाते किंवा पाणी साचलेल्या रानात वायू होऊन उडते. निंबोळीतील कडू द्रव्ये त्या जंतूंचा वेग मंदावतात. कयाधूकाठच्या भारी जमिनीत झडीच्या पावसात ही मोठी मदत होय.

परंतु ही झाली एक पळवाट. दुसरी पळवाट त्याआधीची आहे. युरियाचे अमोनियम होत असताना दाण्याभोवतीची माती अधिक विम्लधर्मी होते. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनी मुळातच विम्लधर्मी. दाणा पृष्ठभागावर असेल, तर ओल व उन्हाने अमोनिया वायू थेट हवेत जातो. ही वाट निंबोळीचा लेप अडवीत नाही. ती मातीच अडविते.

हळदीस हेक्टरी 200 किलो नत्राची शिफारस आहे. एका गोणीत 20.7 किलो नत्र, म्हणजे सुमारे पावणेदहा गोण्या. एवढे खत उघडे टाकणे कोणासच परवडणार नाही. नऊ महिने रानात राहणाऱ्या या पिकास लेपाच्या भरवशावर एकदाच खत देऊ नये, हप्तेच पाडावेत. भरणीचा हप्ता भरणीच्या आधी देऊन लगेच माती चढवावी. खर्च वाढत नाही, कामाचा क्रम तेवढा बदलतो. कपाशीस बुंध्यापासून थोडे दूर, दोन-तीन इंच खोल देऊन बुजवावे. वरखत देऊन हलक्या शिडकाव्याची वाट पाहणे घातक. दाणे विरघळतात, पण खाली उतरत नाहीत. सोयाबीनचा प्रश्न वेगळा. त्याच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र बांधतात, तेव्हा उभ्या पिकात युरिया फोकणे हा बहुधा शेजाऱ्याचे पाहून केलेला खर्च असतो. 2023 साली आलेल्या गंधकलेपित युरियात नत्र 37 टक्के व गंधक 17 टक्के असते. त्याचा हिशेब नेहमीच्या गोणीप्रमाणे करू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे शब्दांनी सांगण्यापेक्षा दाखवावे. झाकणाच्या दोन काचेच्या बरण्यांत गावचीच ओलसर काळी माती अर्धी भरावी. एकीत चमचाभर युरिया वर टाकावा, दुसरीत तेवढाच दोन इंच खोल पुरावा. झाकणे लावून बरण्या सावलीत ठेवाव्यात आणि चार दिवसांनी चावडीवर सर्वांसमक्ष उघडाव्यात. पहिल्या बरणीतील उग्र वास कोणालाही ओळखता येतो. शाळेतून तांबडा लिटमस कागद मिळाल्यास तो ओला करून त्या बरणीच्या तोंडाशी धरावा. तो निळा होईल.