आवाज साठवणारी खेळणी

घोडेगावचा शुक्रवारचा बाजार म्हटलं की आधी जनावरं आठवतात. नेवासे तालुक्यातलं, अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचं हे गाव गाई-म्हशी-बैलांच्या खरेदी-विक्रीसाठी दूरदूरपर्यंत ठाऊक आहे. पण अशा कोणत्याही आठवडी बाजारात थोडं कान देऊन उभं राहा. बरेच विक्रेते आता स्वतः ओरडत नाहीत. हातगाडीच्या दांडीला भोंगा बांधलेला असतो आणि सकाळी एकदाच भरलेली आरोळी तो दिवसभर म्हणत राहतो. खेळण्यांच्या पथारीवर डोलणारं कॅक्टस नाहीतर हिरवा पोपट असतो. समोरचा जे बोलेल ते किनऱ्या आवाजात परत म्हणणारा.

भोंगा आणि पोपट एकाच कुळातले. दोघांनाही मायक्रोफोन आहे, स्मृती आहे, स्पीकर आहे. असं खेळणं घेताना आपण किंमत विचारतो, किती दिवस टिकेल ते विचारतो. त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा असं मला ठामपणे वाटतं: ऐकलेला आवाज हे खेळणं ठेवतं कुठे, आणि किती वेळ? यातूनच त्याची रचनाही कळते आणि त्याचा धोकाही.

पोपटाच्या पोटात काय असतं

बंद पडलेलं एखादं बोलकं खेळणं फेकू नका, उघडा. सेल आधी काढून ठेवा. पाठीवरची शिवण किंवा चेन सोडली की आत प्लॅस्टिकची डबी निघते. तिचे तीन-चार स्क्रू काढले की सगळा संसार समोर येतो. दोन बारीक तारांच्या टोकाला शर्टाच्या बटणापेक्षाही लहान, धातूची गोल टिकली असते. तो मायक्रोफोन. यातला ‘इलेक्ट्रेट’ हा प्रकार अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेस्लर यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बनवला. आवाजाने आतला पातळ पडदा थरथरतो आणि त्या थरथरीबरोबर विद्युतदाब किंचित वर-खाली होतो. शेजारी कागदी पडद्याचा छोटा स्पीकर असतो. नाचणारं खेळणं असेल तर एक मोटर. आणि सर्किटच्या पट्टीवर टिकलीएवढा काळा, कडक थेंब. चिप त्याच्या खाली आहे. पाय असलेली सुटी चिप बसवण्यापेक्षा नुसती चकती पट्टीवर चिकटवून वर राळेचा थेंब टाकणं स्वस्त पडतं, म्हणून बहुतेक स्वस्त खेळण्यांत हा थेंबच दिसतो.

पोपट सतत रेकॉर्ड करत नसतो. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की तो साठवायला लागतो, शांतता झाली की थांबतो आणि लगेच ऐकवतो. म्हणूनच भर बाजारात तो वेड्यासारखा बडबडतो. त्याला शांतता मिळतच नाही, मग जागा भरेपर्यंत जे कानावर पडेल ते तो परत ओकतो. घरी आणल्यावर तोच शहाणा वाटतो.

आवाज बारीक होण्याचं कारणही साधं आहे. समजा, रेकॉर्ड करताना सेकंदाला सहा हजार नोंदी घेतल्या आणि ऐकवताना त्याच नोंदी सेकंदाला आठ हजारांच्या वेगाने सोडल्या. चार सेकंदांचं बोलणं तीन सेकंदांत संपेल आणि आवाजाची पट्टी तेवढ्याच प्रमाणात चढेल. आजोबांचा खर्ज पोरासारखा ऐकू येतो तो एवढ्यामुळेच.

चौसष्ट हजार कप्पे

या खेळण्यांचं गणित समजून घ्यायचं तर ‘आयएसडी १८२०’ नावाची चिप बघावी. मूळ आयएसडी ही अमेरिकी कंपनी. तिने १९९०च्या दशकात एकाच चिपमध्ये आवाज साठवण्याची युक्ती बाजारात आणली. शाळेच्या प्रकल्पांसाठी मिळणाऱ्या ‘व्हॉइस रेकॉर्डर मॉड्यूल’वर ही चिप आजही दिसते. तिच्या स्मृतीत सुमारे ६४ हजार कप्पे आहेत आणि आवाजाची एक नोंद एका कप्प्यात जाते. संगणकासारखं ‘आहे किंवा नाही’ असं ती लिहीत नाही. त्या क्षणीच्या विद्युतदाबाची पातळीच कप्प्यात ठेवते. सेल काढला तरी ती पातळी राहते.

कप्पे ठरलेले आहेत, तेव्हा वेळ वाढवायचा तर नोंदी विरळ घ्याव्या लागतात. सेकंदाला ८,००० नोंदी घेतल्या तर आठ सेकंद मिळतात, ६,४०० घेतल्या तर दहा, आणि ३,२०० वर आलात तर वीस. हे सगळं सर्किटवरच्या एका रोधकाने ठरतं. तो बदलला की तीच चिप जास्त वेळ, पण जास्त भसाडं बोलते.

भसाडं म्हणजे नेमकं काय बिघडतं? सेकंदाला जितक्या नोंदी, त्याच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचाच आवाज पकडता येतो. ८,००० नोंदींत ४,००० हर्ट्झच्या खालचं काय ते टिकतं. स्वरांना तेवढं पुरतं, पण ‘स’ची सळसळ बरीचशी त्याच्या वर असते, ‘श’ त्याहून खाली सुरू होतो. ३,२०० नोंदींवर आलो की दोन्ही जवळपास जातात. घोडेगावातून शनिशिंगणापूरला वळणाऱ्या एखाद्या पोराने अशा खेळण्यात ‘शनी’ आणि ‘सनी’ म्हणून बघावं, दोन्ही एकसारखेच ऐकू येतील. ज, झ, च यांच्या मराठी उच्चारांतली सूक्ष्म छटाही अशीच पुसली जाते. इयत्ता आठवी-नववीच्या विज्ञानात ध्वनी शिकवताना हा प्रयोग करून घ्यावा. खर्च शे-दीडशे रुपयांच्या घरात येतो आणि जे कळतं ते फळ्यावर सांगून कळत नाही.

स्वस्त पोपट-कॅक्टसमध्ये मात्र बहुधा तात्पुरती स्मृती असते. पुढचं वाक्य आलं की मागचं जातं, बटण बंद केलं की सगळंच जातं. या विसरभोळेपणाचं महत्त्व पुढे येईलच.

‘हा माझा आवाज नाही’

लहान मूल स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकतं तेव्हा बहुतेक वेळा ‘हा मी नाही’ असंच म्हणतं. मोठेही म्हणतात. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी पोचतो: तोंडातून हवेमार्गे कानात, आणि कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानापर्यंत. हाडांतून येणारा भाग खालच्या पट्टीला उठाव देतो, म्हणून आपल्याला आपला आवाज भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेची वाट उरते. जग आपल्याला कायम असंच ऐकत आलेलं असतं.

मुलाला हे समजावून सांगायला दोन्ही कान बोटांनी बंद करून ‘अ’ म्हणायला लावा. हाडांतला आवाज त्याला लगेच वेगळा ऐकू येतो. या एका गोष्टीसाठी तरी असं खेळणं घरात असावं असं मला वाटतं.

एडिसनची बाहुली

आवाज साठवायची कल्पना सुचली आणि तिचं खेळणं करावंसं वाटलं, यात फार वर्षं गेली नाहीत. थॉमस एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ बनवला आणि १८९० मध्ये त्याच्या बोलक्या बाहुल्या बाजारात आल्या. बाहुलीच्या धडात छोटा फोनोग्राफ आणि मेणाची नळी. पाठीमागची दांडी फिरवली की बालगीत. एका नळीवरून दुसरी छापायची सोय तेव्हा नव्हती, म्हणून कारखान्यात मुलींना बसवून प्रत्येक नळीवर गाणं नव्याने म्हणून घेत. नळ्या लवकर झिजत, आवाज चिरका येई, मुलं घाबरत. काही आठवड्यांतच विक्री बंद झाली.

नंतर १९६०च्या सुमारास अमेरिकेत दोरी ओढून बोलणारी बाहुली आली, तिच्यात नळीऐवजी तबकडी होती. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं १९७८ चं स्पेलिंग शिकवणारं खेळणं रेकॉर्ड काहीच करत नसे. ते आवाज चिपवर रचून काढी. मुलाचा स्वतःचा आवाज लगेच परत देणारी स्वस्त खेळणी घराघरांत पोचली ती १९९०च्या दशकातल्या चिपनंतरच.

आपल्याकडे बोलणारा बाहुला म्हटलं की मराठी माणसाला अर्धवटराव आठवतो. यशवंत पाध्ये आणि पुढे रामदास पाध्ये यांचा तो बाहुला. त्यात यंत्रातला आवाज नाही, बोलतो तो कलावंतच. पण बाहुल्याने आपल्याशी बोलावं ही हौस किती जुनी आणि किती खोल आहे, ते त्याच्या लोकप्रियतेवरून कळतं.

रानातला भोंगा

गाडीवरचा भोंगा या खेळण्यांचा कमावता भाऊ. साध्या भोंग्यात काही सेकंदांची स्मृती असे, आता त्यात मेमरी कार्ड बसतं आणि मिनिटांची जाहिरात मावते. शेतकऱ्यांनी तो रानातही नेला. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं उतरतात. पूर्वी माचावर उभं राहून गोफण फिरवावी लागे, घसा फुटेपर्यंत हाकारे द्यावे लागत. आता आपलेच हाकारे किंवा कुत्र्याचं भुंकणं भरून भोंगा बांधावर टांगून ठेवतात. पाखरं मात्र काही दिवसांत सरावतात, कारण आवाज तोच, जागा तीच आणि मागून दगड येत नाही. आवाज बदलत राहिला, भोंग्याची जागा हलवत राहिलं तर उपयोग जास्त दिवस टिकतो.

आवाज घराबाहेर जातो तेव्हा

आता धोक्याची बाजू. १९९८ मध्ये अमेरिकेत ‘फर्बी’ नावाचं केसाळ खेळणं आलं. ते ऐकलेलं साठवतं अशी समजूत पसरली आणि १९९९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने आपल्या आवारात त्याला बंदी घातली. प्रत्यक्षात फर्बीत रेकॉर्ड करायची सोयच नव्हती.

पुढची भीती मात्र खरी ठरली. इंटरनेटला जोडलेल्या खेळण्यांत मुलाचा आवाज पोटातल्या चिपमध्ये राहत नाही, तो कंपनीच्या संगणकावर जातो. ‘क्लाउडपेट्स’ या मऊ खेळण्यांतून पालक आणि मुलं एकमेकांना निरोप पाठवत. २०१७ मध्ये असे वीस लाखांहून अधिक निरोप कोणालाही मिळतील अशा स्थितीत इंटरनेटवर पडून असल्याचं उघड झालं. त्याच वर्षी जर्मनीने ‘माय फ्रेंड कायला’ या बाहुलीला लपवलेलं हेरगिरीचं साधन ठरवून तिच्यावर बंदी घातली. जवळचा कोणीही ब्लूटूथने तिला जोडून घेऊन मुलाचं बोलणं ऐकू शकत होता.

बाजारातला विसरभोळा पोपट या बाबतीत निर्धोक आहे. खेळण्याला वाय-फाय, ॲप किंवा खातं उघडणं लागत असेल तर सावध व्हा. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाचा डेटा वापरायला पालकांची पडताळलेली संमती घेण्याची तरतूद आहे. ती संमती मागणारा चौकोन मोबाइलवर येतो तेव्हा घाईत ‘ओके’ दाबू नये.

घेताना

विजेवर चालणाऱ्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतात आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. त्यांचं मानक आयएस १५६४४. चिन्हाखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून तपासता येतो. पथारीवरच्या पुष्कळ मालावर हे चिन्ह नसतं. तसा माल घेऊ नये.

सगळ्यात मोठा धोका बटणासारख्या चपट्या सेलचा. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत आतली त्वचा भाजून निघू शकते. सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं, नुसतं नखाने उघडणारं नको. सेल गिळल्याची शंका जरी आली तरी उलटी काढायचा खटाटोप न करता थेट दवाखाना गाठा. घोडेगावसारख्या गावातून मोठ्या रुग्णालयापर्यंत जायला लागणारा वेळ त्या दोन तासांतच धरायचा आहे.

परदेशी खेळण्यातली गाणीही आधी स्वतः शेवटपर्यंत ऐकावीत. २०२१ मध्ये असंच एक नाचरं कॅक्टस कॅनडात वॉलमार्टच्या विक्रीतून काढावं लागलं. त्यात कोकेनवरचं पोलिश गाणं निघालं. आवाज फार मोठा असेल तर स्पीकरच्या जाळीवर चिकटपट्टी लावा आणि मुलाला खेळणं कानाला लावू देऊ नका.

बोलू न शकणाऱ्या मुलासाठी

आवाज साठवणारी ही चिप सगळ्यात मोलाचं काम करते ते इथे. सेरेब्रल पाल्सी असलेलं किंवा स्वमग्न मूल, ज्याला शब्द कळतात पण उच्चारता येत नाहीत, त्याच्या हाताशी रेकॉर्ड केलेलं बटण दिलं तर ते बोलू शकतं. वाचाउपचारात अशी साधनं रीतसर वापरतात. मुंबईत बांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, तिथे याचं मार्गदर्शन मिळतं. बटण दिल्याने मूल बोलायचा आळस करेल ही पालकांची भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही.

आवाज भरताना तो मुलाच्याच वयाच्या भावंडाचा घ्यावा, मोठ्या माणसाचा नको. शब्द घरात बोलले जातात तेच भरावेत. आणि नुसतं ‘पाणी’ भरून थांबू नये. ‘नको’, ‘अजून’, ‘इकडं बघ’ हेही हवं. नाही म्हणण्याचा हक्क त्यालाही आहे. एका चिपमध्ये एकच निरोप सोयीचा, म्हणून दोन-तीन मॉड्यूल वेगवेगळ्या रंगांच्या झाकणांत बसवावीत.

अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळेतली मुलं हे एका दुपारी करू शकतात. आयएसडी १८२० च्या मॉड्यूलवर ऐकवण्यासाठी दोन खटके असतात. एक दाबून धरलं तेवढाच वेळ बोलतो, दुसरा एकदा टेकला की पूर्ण निरोप म्हणतो. बाहेरून जोडायचं मोठं बटण या दुसऱ्या खटक्याच्या तारांना जोडावं, कारण हातात जोर नसलेल्या मुलाला ते दाबून धरता येत नाही.